साताऱ्याच्या परेड मैदानाची तारीख

मी स्वतः फुटबॉल कधी धड खेळलो नाही. तरी आमच्या भागातल्या लीगचा सेक्रेटरी मी काही वर्षं होतो, आणि त्याचं कारण इतकंच की मी कोरेगाव स्टेशनात मालाचा कारकून होतो. गुळाच्या ढेपा आणि घेवड्याची पोती मालगाडीच्या वाघिणीत चढवून घ्यायची, पावत्या फाडायच्या, हे माझं काम. पण गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ असत, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कुठली गाडी ऐन वेळी रद्द झाली हे गावात सगळ्यात आधी मला कळे. सामने गाडीवर अवलंबून. म्हणून कमिटीनं मला धरलं.

लीग म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. सातारा शहराचा एक संघ, कोरेगावचा, रहिमतपूरचा, सांगलीचा आणि पाचवा साताऱ्याच्या पोलिसांचा. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. यंदा तुम्ही आमच्याकडे आलात तर पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे. खळी उरकली की सुरुवात आणि उन्हं तापायच्या आत शेवट. कागदावर हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात आम्ही आठवडेच्या आठवडे त्यावर बसत असू.

आमचे अध्यक्ष कोरेगावचेच एक निवृत्त सुभेदार होते. घरची उसाची शेती, पलटणीत हयात गेलेली, आणि फुटबॉल त्यांनी तिथंच उचललेला. बैठक त्यांच्या गुऱ्हाळावर भरायची. रस आटवायच्या काहिलीजवळ ऊब असे, आणि आलेल्या माणसाला रस मिळे, त्यामुळे हजेरी चांगली असे. तिथं एकेक अडचण पुढे यायची. बाजाराच्या दिवशी रहिमतपुरात सामना नको, मैदानात बैल बांधलेले असतात. कोरेगावच्या संघातले निम्मे गडी ऊसवाले, त्यांचं गुऱ्हाळ लागलं की ते आठ-पंधरा दिवस हलत नाहीत. दोघं-तिघं फौजेतून रजेवर आलेले असायचे, त्यांची रजा संपायच्या आत मोठा सामना उरकायचा. कुठल्या गावची जत्रा, कुठल्या शाळेची परीक्षा, कुठली गाडी बंद. हे सगळं जुळवून मी एक तक्ता करायचो आणि तो घेऊन साताऱ्याला फौजदारांकडे जायचो. कारण बेचाळीसच्या चळवळीपासून जिल्ह्यात जमावबंदी या ना त्या रूपात चालूच होती, आणि त्यांच्या सहीशिवाय चार माणसं चेंडूमागे धावू शकत नव्हती.

फौजदार स्वतः पोलिसांच्या संघात बॅक खेळत. उंच, रुंद, पायात लोखंडासारखे बूट. परवानगी देणारे तेच आणि समोर खेळणारेही तेच, ही गोष्ट आम्हाला तेव्हा विचित्र वाटत नसे; तसंच चालायचं. ते तक्ता हातात घेत आणि पेन्सिलीनं खुणा करत जात. या दिवशी मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, शिपाई मोकळे नाहीत. या दिवशी मिरवणूक आहे. पोलिसांचा सामना बंदोबस्ताच्या दुसऱ्या दिवशी नको, पोरं उभी राहून दमलेली असतात. कोरेगाव-रहिमतपूर सामन्यात एकदा दगडफेक झाली, तेव्हापासून तो सामना त्यांनी साताऱ्यात आणि भर दुपारी ठेवायला लावला होता.

"एवढ्या उन्हात?" मी विचारलं होतं.

"उन्हात माणूस भांडत नाही, सावली शोधतो," ते म्हणाले. आणि खरोखर पुन्हा दगडफेक झाली नाही.

एकूण ते बोलायला सरळ होते. ओरडत नसत. माझ्यापुढे चहा ठेवत. पण त्यांनी पेन्सिलीची खूण केली की ती तारीख गेली, याबद्दल शंका नसे.

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात नेहमीसारखा तक्ता करायला आम्ही बसलो, तेव्हा सांगलीचा कप्तान मुद्दाम गाडीनं कोरेगावला आला. तो सांगलीत हळदीच्या अडत दुकानात कामाला होता. त्याच्या नखांचा पिवळा रंग कधी जात नसे. रस पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "सुभेदार, यंदा आमचं सगळं सामनं सांगलीतच ठेवा."

"का रं? आळीपाळी ठरलीय न्हवं?"

"ठरलीय. पन आमचा डावीकडचा गडी हिकडं येऊ शकत न्हाई."

त्या डावीकडच्या गड्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं. तो पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढपाळाच्या घरातला. लहानपणापासून मेंढरांमागे माळावर धावलेला, त्यामुळे एकदा का चेंडू घेऊन कडेनं सुटला की त्याला गाठणारा आमच्या पाच संघांत कुणी नव्हता. पण चळवळीत तारा तोडल्याच्या प्रकरणात त्याच्यावर वॉरंट होतं आणि तो तीन वर्षं फरारी होता. सातारा जिल्हा इंग्रजी अमलाखाली, सांगली संस्थान. इथल्या पोलिसांना तिथं कुणाला धरायचं तर इथले कागद तिथं जाणार, तिथले शिक्के इथं येणार, आणि तोवर माणूस तिसऱ्याच गावात. सांगलीत तो वेगळ्याच नावानं एका वखारीत हमाली करायचा आणि संध्याकाळी खेळायचा.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. "सेक्रेटरी, सांगलीचं मैदान सगळ्यात सपाट हाय का न्हाई?"

"आहे."

"आन् गाड्यांची ओढाताण हाय?"

"आहे."

"मग तसंच कारण घाला."

मी तसंच घातलं. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. तरी साताऱ्याला जाताना मी तो तक्ता गाडीत दोनदा उघडून वाचला. मी रेल्वेचा नोकर. चळवळीतल्या माणसाला मदत केली असं कुणी म्हटलं असतं तर नोकरी राहिली नसती.

फौजदारांनी तक्ता वाचला. पेन्सिल उचलली नाही. मग म्हणाले, "सांगलीवाले यंदा एकदाही इकडं येत नाहीत?"

"मैदान सपाट आहे तिथलं. आणि गाड्या..."

"गाडी तिकडून इकडं येते तशीच इकडून तिकडं जाते ना?"

त्यांनी खिडकीबाहेर परेड मैदानाकडे बोट केलं. "बाकीचे सामने कुठंही ठेवा. पण सांगली आणि पोलिस हा सामना इथं होणार. तसं नसेल तर यंदा लीग नाही. कुठल्याच सामन्याला परवानगी नाही."

"तारीख?"

"तारीख तुम्ही ठरवा. मैदान माझं. आठ दिवसांत कळवा."

मी परत आलो तो विचार करतच. दोनच वाटा दिसत होत्या. लीग बंद करायची किंवा सामना मान्य करून त्या गड्याशिवाय सांगलीचा संघ आणायचा. दुसऱ्या वाटेत अडचण अशी, की तो गडी ऐकेल याची खात्री नव्हती. त्याला खेळायची फार हौस. मागच्या वर्षी रहिमतपूरचा सामना पाहायला तो डोक्यावर गवताचा भारा घेऊन आला होता म्हणे. खरंखोटं देव जाणे.

त्याच आठवड्यात मालधक्क्यावर एक बाई येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं कुंकू, खांद्यावर घोंगडी. हिवाळ्यात पूर्वेकडची मेंढरं आमच्याकडे उतरत. पिकं निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी त्यांना बोलावत. तिचा तळ वसना नदीच्या काठी, गावाबाहेर पडला होता.

"आवं बाबू, चेंडूच्या खेळाचं तुमीच बगता न्हवं?" तिनं विचारलं.

"मीच."

"सांगलीची पोरं हिकडं कवा येनार?"

ती कोण हे माझ्या ध्यानात आलं. तिनंही ते लपवलं नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "मागल्या सालापास्नं त्येचं तोंड बगितलं न्हाई मी. सांगलीला जावं म्हनलं तर मेंढरं कुनाच्या जिवावर सोडू? मालक एकला हाय. आन् पोर तळावर यील म्हनावं तर तिथं शिपाई बसतोय."

"शिपाई?"

"व्हय की. हितल्या चौकीतला. रोज सकाळी येतोय, दूध पितोय, दिस मावळंपतूर बसतोय. चांगला हाय बिचारा, कोकराला कुत्रं लागलं तर त्यानंच हाकललं. पन बसतोय. माजं पोर त्येच्या वळखीचं हाय. चौकीतलं दोगंबी त्येला तोंडानं वळखत्यात, पयल्यांदा त्यांनीच धरला हुता त्येला, मग त्यो निसटला."

"तळ इथं कधीपर्यंत आहे?"

"पुनवंपतूर. मग वरच्या अंगाला जानार, वाईकडं, तिथनं खंडाळ्याला."

मी तिला काय सांगणार? सांगलीचा संघ आला तरी तुझा मुलगा येणार नाही, आणि आला तर तो मैदानातून थेट कोठडीत जाईल, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचेना. "ठरलं की सांगतो," म्हणालो. तिनं पदराच्या गाठीतून काढून मूठभर वाळलेली बोरं माझ्या टेबलावर ठेवली आणि ती गेली.

संध्याकाळी मी गुऱ्हाळावर गेलो. सांगलीचा कप्तानही निरोप मिळून आला होता. मी फौजदारांची अट सांगितली. कप्तान चिडला. "लीग बंद करा मग. आमी काय पोलिसांस्नी गडी आनून द्यायचं काय?"

"तो आला नाही म्हणजे झालं," मी म्हणालो.

"त्यो ऐकायचा न्हाई. सामना साताऱ्यात हाय म्हनल्यावर उड्या मारत यील."

सुभेदार काहिलीतला फेस बघत बसले होते. मग विषय बदलावा म्हणून मी त्या बाईची हकिकत सांगितली. शिपाई, दूध, कोकरू, सगळं. ती सांगत असताना सुभेदारांनी मान वर केली.

"चौकीतलं दोगं त्येला वळखत्यात म्हनाली?"

"हो."

"साताऱ्याच्या फौजदारानं त्येला कवा बगितलाय?"

कप्तान म्हणाला, "कवाच न्हाई. दरसाल पोलिसांच्या सामन्याला आमी त्येला कसाबसा बाहीर ठिवला. साध्या कपड्यातली मानसं सांगलीला पाठवली हुती, पन त्यांस्नीबी नक्की कळालं न्हाई, म्हनून तर कागदं अडकली."

"मग मैदानात गडी वळखायला फौजदार कुनाला नेनार?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"कोरेगाव चौकीतल्या त्या दोगांस्नी," सुभेदार म्हणाले. "आन् त्येंच्या जागी दुसरा कोन आला तर त्यो ह्येला वळखत न्हाई. पलटणीत आमाला एकच शिकीवलं. समदी फौज जिथं गोळा हुती, तिथनं लांबची वाट मोकळी असती. दे फौजदाराला सामना. मैदान त्येचं, तारीख आपली हाय न्हवं?"

मग कप्तानाला म्हणाले, "तुज्या गड्याला सांग, खेळायला येऊ नको. आईला भेटायला ये. ते ऐकंल का?"

कप्तानानं मान डोलावली. "ते ऐकंल," तो म्हणाला.

आजवर मी तारखा ठरवल्या त्या जत्रा, बाजार, गुऱ्हाळ, रजा आणि गाड्या बघून. ही तारीख मेंढरांचा तळ कुठवर आहे ते बघून ठरली. पुनवेच्या आधीचा रविवार घातला. फौजदारांनी तो बघितला, मान हलवली आणि सही केली. माझ्या तोंडावरून त्यांना काही कळलं का, हे मला सांगता येत नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी साताऱ्याला निघालो तेव्हा चौकीतले दोघंही शिपाई माझ्याच गाडीत होते. साध्या कपड्यांत, धोतर आणि डोक्याला मुंडासं. मला पाहून एक जण ओशाळला. "सुट्टी हाय आज," म्हणाला. सातारा रोड स्टेशनात उतरून आम्ही एकाच मोटारीनं शहरात गेलो. रस्ताभर ते खेळाविषयी बोलत होते आणि मी हो ला हो करत होतो. गडी हट्टाला पेटून मैदानातच आला तर? की नदीकडं गेला आणि चौकीत नवा बसवलेला माणूस हुशार निघाला तर?

परेड मैदानाभोवती मी इतकी माणसं पूर्वी पाहिली नव्हती, आणि त्यांतली बरीच खेळ बघत नव्हती. सांगलीचा संघ उतरला. डाव्या कडेला एक किडकिडीत, चष्मा लावणारा मुलगा होता. तो दवाखान्यात कंपाउंडर होता. चष्मा काढून त्यानं तो कप्तानाच्या सदऱ्यात ठेवला आणि त्यानंतर त्याला चेंडू नीट दिसला असेल असं वाटत नाही. चेंडू डावीकडे गेला की कडेला बसलेली धोतरवाली माणसं पुढे झुकत, आणि चौकीतले दोघं नकाराची मान हलवत. पहिल्या अर्ध्या भागातच गडी आलेला नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. दुसऱ्या भागात मात्र फौजदार मन लावून खेळले. पोलिस जिंकले. सांगलीला एकही गोल करता आला नाही.

खेळ संपल्यावर फौजदार घाम पुसत माझ्याकडे आले. "तुमच्या सांगलीचा तो डावीकडचा आला नाही, सेक्रेटरी."

"ताप आलाय म्हणे त्याला."

"असेल," ते म्हणाले. मग बूट सोडायला खाली बसले.

मी संध्याकाळच्या गाडीनं परतलो. दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर ती बाई आली. तिच्या चेहऱ्यावरूनच मला सारं कळलं, पण तिनं सांगितलंच. तो डोंगराच्या अंगानं चालत आला होता. सकाळी पोचला आणि ऊन कलल्यावर गेला. बदलीवर आलेला शिपाई दुपारी तळावर येऊन गेला; तिनं त्याला दूध दिलं, आणि मुलगा तिथंच बसून मेंढीचे खूर साफ करत होता. "ह्यो कोन?" शिपायानं विचारलं. "भाचा हाय," ती म्हणाली. शिपाई दूध पिऊन गेला.

"लय वाळलाय," ती म्हणाली. "हमाली करतोय. हातावर घट्टं पडल्यात. म्हनतोय कसा, आये, आज माजा सामना हुता. मी म्हनलं, बस की गप, भाकरी खा."

एवढं सांगून ती रडली नाही की हसली नाही. वाईकडे जायची तयारी करायची होती, ती लगेच निघाली.

त्या उन्हाळ्यात मुंबईत लोकांचं मंत्रिमंडळ आलं आणि वॉरंटं मागे घेतली गेली. फरारी लोक उघडपणे गावात हिंडू लागले. गावोगाव त्यांचे सत्कार झाले. आमच्या डावीकडच्या गड्याचा सत्कार कुणी केला नाही. तो मोठा पुढारी नव्हता. तारा खरंच तोडल्या होत्या का, असं मी त्याला एकदा विचारलं. "तोडल्या की," तो म्हणाला. "मेंढरं कातरायच्या कात्रीनं तुटंनात, मग कुऱ्हाड आनली."

फौजदारांची बदली झाली. पुढे पुष्कळ वर्षांनी ते निवृत्त झाल्यावर मिरजेला गाडी बदलताना मला फलाटावर दिसले. मी तेव्हा मिरजेत बदलून गेलो होतो. आम्ही चहा घेतला. तेवढ्यात मी विचारून टाकलं, की त्या सामन्याची तारीख तुम्ही आम्हाला ठरवू दिली ती मुद्दाम का?

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "मुद्दाम कशाला? मला त्याला धरायचं होतं. वरून रोज विचारणा व्हायची. आला असता तर धरला असता."

मग मी त्यांना तळाची सगळी हकिकत सांगितली. ते ऐकत राहिले. राग आलेला दिसला नाही. "सुभेदारानं केलं होय हे," म्हणाले. "तरी मला वाटलं होतं, एवढी सहज तारीख तुम्ही कशी दिली." थोड्या वेळानं म्हणाले, "तो खेळला असता तर आम्ही हरलो असतो, नाही?" मी हो म्हणालो. त्यांची गाडी लागली.

तो गडी साताऱ्यात खेळला, पण पुढच्या हिवाळ्यात. तोवर संघांची नावं बदलली होती, नवे फौजदार आले होते आणि तारखांचं तेच जुनं गुऱ्हाळ चालू होतं. त्या वर्षी मेंढरांचा तळ साताऱ्याच्या अलीकडेच होता. त्याची आई आणि तळावरच्या आणखी दोन बायका परेड मैदानाच्या कडेला बांधावर येऊन बसल्या. मी तिच्याजवळ गेलो तेव्हा तिनं विचारलं, "बाबू, त्येनं चेंडू कंच्या अंगाला न्यायचा असतोय?"

मी दाखवलं. वखारीत ओझी उचलून त्याची पाठ आखडली होती, पूर्वीसारखा तो सुटत नव्हता. तरी एकदा कडेनं निघाला, दोघांना मागे टाकून कोपऱ्यापर्यंत गेला आणि चेंडू बाहेर मारला. बायका हसल्या. मध्यंतर झालं तशी ती उठली. मेंढरं दुसऱ्या रानात न्यायची होती, शेतकरी वाट बघत होता. जाताना तिनं भाकरीचं फडकं माझ्याकडे दिलं आणि खेळ झाल्यावर त्याला द्यायला सांगितलं.